नाबरबाईंची हजेरी

दहा वाजता ओगल्यांनी टाइप करून नाबरबाईंची हजेरी लावली : "चला, आधी चहा, मग आकडे. हं, बघू आज धरणी काय म्हणते." दालन उघडलं. बाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

कोयनेकाठच्या त्या भूकंप-वेधशाळेतल्या पाच जणांनी आपसांत बोलायला स्वतःचा सर्व्हर ठेवला होता. त्याचं नाव कट्टा. भूकंपाची कुणकुण बाहेर फुटली किंवा खोटी कुणकुण आत शिरली, तर गावंच्या गावं पळत सुटली असती. चेहरा, आवाज, अंगठा यांची हुबेहूब नक्कल तेव्हा कुणीही करू शके. म्हणून ओगल्यांनी 'बोलीकिल्ली' बनवली. माणूस शब्द कसे जोडतो, कुठे अडतो, काय खोडतो, यावरून कट्टा त्याला ओळखे. आठवडाभर हजेरी चुकली की त्याचं दालन, म्हणजे त्याचं तिथलं सगळं लिखाण, कायमचं पुसलं जाई. सूट फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्या ओगल्यांना.

बाईंची मुलगी ऋता आईचं लिखाण वाचायला आली होती. तिनं विचारलं, "काका, यंत्रांना जमत नाही ते तुम्हाला कसं जमलं?"

"यंत्राला नमुने लागतात, ते कुलपाआड. मी अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर होतो."

"आई म्हणायची, ओगल्यांचं प्रत्येक वाक्य 'कदाचित'चा कठडा धरून उतरतं!"

ओगले कानापर्यंत लाल झाले. "पहिले सहा दिवस कट्ट्यानं दारातूनच परत पाठवलं. सातव्या दिवशी घेतलं. मग रोज थोडा वेळ बाईंसारखा विचार करायचा, एवढंच."

"तिला कधी काही लिहिलंत? स्वतःचं?"

"एक पत्र. माझ्या दालनात आहे. द्यायचं राहिलं."

"मला वाचू द्याल?"

बाई गेल्यापासून त्यांनी स्वतःचं दालन उघडलंच नव्हतं. हजेरीची गरजच नव्हती ना. त्यांनी टाइप केलं. ओळख पटली नाही. वाक्यात 'कदाचित' घातलं. नाही. खोडलं, पुन्हा घातलं. नाही.

"मास्टर किल्ली असेल की!"

"मीच ठेवली नाही. चोरीला गेली असती."

"शांतपणे लिहा, काका. मनात येईल तसं."

त्यांनी डोळे मिटून एक वाक्य लिहिलं. ऋता त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "हं, बघू..." तिनं तोंडावर हात ठेवला.

पडद्यावर अक्षरं उमटली : नाबरबाई, तुमचं दालन पलीकडे आहे.