दिवसाढवळ्या

प्रेमकथेतला नायक विशीतला असावा, असा रिवाज आहे. आमचा सेहेचाळीस वर्षांचा आहे, मिशा अर्ध्या पिकल्या आहेत आणि डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत बोचकं आहे. त्याला माझा नाइलाज आहे.

तर हा महिपत, १९३३ सालच्या मार्गशीर्षातल्या एका थंडगार सकाळी, आपल्याच खळ्यात शिरला आणि दचकून मागे सरला. भाताच्या रचलेल्या उडवीच्या पायथ्याशी, पेंढ्यात, एक बाई उन्हात खुशाल उताणी पसरली होती. केस मोकळे... पदर कमरेला... हातात उसाचं कांडं. डोळे मिटून, पाय हलवत, ती काहीतरी गुणगुणत होती. आपण चुकून दुसऱ्याच्या खळ्यात आलो, असंच त्याला वाटलं. मग शेजारी बांधलेली हौशी गाय दिसली. तिचं मोडकं शिंग ओळखीचं होतं. म्हणजे खळं आपलंच. म्हणजे ही बाई—

गाय ओळखली आणि बायको ओळखली नाही! हसू नका. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने चिमाला दिवसा आडवी झालेली कधी पाहिलीच नव्हती.

महिपत मुंबईला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. वर्षातून एकदा महिनाभर घरी यायचा. घर दाभोळच्या खाडीच्या अलीकडे, डोंगराच्या अंगावर. घरात त्याची आई गोदा, धाकटा भाऊ धाकू, धाकूची बायको, पोरंटोरं. अशा भरल्या घरात नवराबायकोने दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी रीत. रात्री तर घरभर माणसं झोपलेली, कुजबुजायचीही सोय नाही. मधे माणूस लागायचं. "आये, इचार तिला, माझा सदरा कुठं हाय?" "आत्याबाय, सांगा त्यांना, दांडीवर हाय." सदरा तिघांच्याही नाकासमोर लोंबत असे, तरी गोदाबाई दोन्हीकडचं बोलणं इमानाने पोचवायची.

यंदा तो कापणीला आला होता. रजा संपली. घरची सगळी माणसं कालच बुरोंडीच्या बाजूला एका लग्नाला गेली होती, आज दिवेलागणीला परतायची होती. गुरांसाठी चिमा मागे राहिली होती. पहाटे तिने महिपतचं बोचकं बांधून दारात ठेवलं, तो बोटीला निघाला, आणि आता पुन्हा खळ्यात उभा होता.

चिमाने डोळे उघडले. "अगो बाय!" करून ती उठली, ऊस एकीकडे, पदर डोक्यावर. मग तिने इकडेतिकडे पाहिलं. मधे घालायला कोणी नव्हतं. शेवटी ती गायीकडे वळली.

"हौशे, इचार त्यांना, बोट चुकली काय?"

महिपतनेही गायीकडे पाहिलं. "सांग तिला, चुकली."

"हौशे, बोटीचा भोंगा तर आत्ता वाजला म्हणावं. बोट चुकून परत येणारा माणूस ऊन डोक्यावर आल्यावर घाटी चढेल. हे भोंग्याच्या आधीच कसे चढले?"

हौशी रवंथ करत राहिली. तिला या प्रकरणात रस नव्हता.

महिपतने डोक्यावरची पेटी सावरली. खरं तर तो खाडीच्या काठी, तरीपर्यंत गेला होता, बोटीकडे नेणाऱ्या होडीत एक पाय टाकलाही होता, आणि तोच पाय काढून घेतला होता. कारण ते बोचकं. दर वर्षी चिमा ते असं झटक्यात बांधायची, गाठ मारायची, हात झटकायची आणि आत निघून जायची. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. आपण गेलो की ही सुटले म्हणते की काय? सत्तावीस वर्षं हा प्रश्न त्याने बोचक्याबरोबर मुंबईला नेला होता. आता त्याला तिकडचा कंटाळा आला होता, जीव इथे ओढत होता. परवा सकाळी साच्यावर उभा राहिला नाही, तर साचा बदलीवाल्याचा, गिरणी सुटली. सुटू दे! पण घरी राहायचं, आणि घरात बायकोलाच नको असलो तर? विचारायचं ते आजच विचारायला हवं होतं. संध्याकाळी घर भरलं की तोंडं बंद.

"हौशे," चिमा म्हणाली, "ती पेटी दिवसभर डोक्यावरच ठेवायची हाय काय, तेही इचार."

पेटी, बोचकं ओटीवर गेलं. चिमाने ऊस गुडघ्यावर मोडला, अर्धा त्याच्याकडे टाकला. मग गाय मधे ठेवून दोघं पेंढ्यात बसली. दंव अजून सुकलं नव्हतं. पेंढा वरून ऊन, आतून गार. कुठेतरी सुक्या पानांचा पातेरा जळत होता, त्याचा वास येत होता. कामं पुष्कळ होती. कोणी उठलं नाही.

"केसांत पेंढा हाय," बऱ्याच वेळाने महिपत म्हणाला.

"कुणाच्या? हौशीच्या?"

"हौशीला केस कुठं हायत!"

"मगं नाव घेऊन सांगावं माणसानं."

त्याने हात पुढे केला... अर्ध्यावर थांबवला... आणि गायीची मान खाजवली. चाळिशीची चिमा तोंडाला पदर लावून हसली. गाय मात्र खूश झाली.

ऊन वर आलं तेव्हा महिपत उठून चुलीपाशी गेला. चिमा "अहो, अहो—" करत उठायला लागली, तर म्हणाला, "हौशे, तिला बस म्हणावं." मुंबईच्या खोलीत बारा जणांत चहाची पाळी त्याची असायची, हे तिला कुठे माहीत! गूळ, आलं, हौशीचं दूध. चहाची पितळी त्याने तिच्या हातात दिली आणि समोर उकिडवा बसला. नवऱ्याच्या हातचा चहा! तिने आधी रस्त्याकडे पाहून घेतलं, मग एक घोट घेतला.

"कसा झालाय?"

"हौशे, गूळ कमी पडला म्हणावं."

"आणि बाकी?"

"बाकी... बरा हाय." तिने चहा तळापर्यंत संपवला आणि पितळी पुन्हा पुढे केली.

दुपारी जेवण रांधायचं राहिलंच. तिने निखाऱ्यात करांद्याचे कंद भाजले. गरम करांदे या हातातून त्या हातात नाचवत, मिठाला लावत, दोघांनी एकाच पानावर खाल्ले. मग महिपतला काय हुक्की आली कोण जाणे! "उडवीवर चढून दाखवू?" म्हणाला. चढला. वरून मुंबई दिसते, म्हणून ओरडला, आणि पुढच्याच क्षणी पेंढ्यासकट घसरत चिमाच्या पायाशी येऊन पडला. ती हसली. पदर न लावता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं असं हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. हे आपल्याच घरात होतं आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, या विचाराने त्याला एकदम वाईट वाटलं.

उन्हं कलली. गारठा पुन्हा वर यायला लागला.

"हौशे," तो अंगावरचा पेंढा झटकत म्हणाला, "तिला इचार..."

चिमाने थोडी वाट पाहिली. मग उठली, गायीचं दावं सोडलं, तिला पाणी दाखवून गोठ्यात बांधून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता मधे कोण नाय. मला इचारा."

महिपतने गोठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू... माझं बोचकं येवढ्या घाईनं का बांधतंस?"

चिमा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

"हात थांबला असता तर गाठ मारलीच नसती मी. म्हणून."

"मगं सांगायचंस ना कधीतरी!"

"कुणाच्या तोंडून?" ती फटकन म्हणाली. "आत्याबायच्या?"

सत्तावीस वर्षं सदरा, तंबाखू, पेज, सगळं सासूच्या तोंडून गेलं होतं. एवढं एकच जाण्यासारखं नव्हतं.

"आता सांग," तो हळूच म्हणाला.

"जाव नका."

"साचा जाईल."

"जाव दे."

"मला नांगर धरता येत नाय. धाकू हसेल. गाव हसेल."

"हसू दे. आज मी नाय हसले? शेत धाकूभावजी बघतात. तुम्ही नुसते हिकडं बसा... मला दिसाल असे."

या वेळी त्याचा हात अर्ध्यावर थांबला नाही. तिच्या केसांतला पेंढा त्याने एकेक काडी करून काढला. घाई कोणालाच नव्हती.

दिवेलागणीला कुंपणाच्या बेड्यापाशी बोलणी ऐकू आली. पुढे धाकू, मागे त्याची झोपाळलेली पोरं, शेवटी काठी टेकत गोदाबाई. ओटीवर पेटी आणि पेटीशेजारी महिपत पाहून सगळी जागच्या जागी थबकली.

"काय रे," आई म्हणाली, "बोट चुकली?"

महिपतने थाप मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात चिमा दिवा घेऊन बाहेर आली. दिवा तिने देवळीत ठेवला.

"चुकली नाय, आत्याबाय. मी ठेवून घेतलं त्यांना."

धाकूच्या बायकोने पदर तोंडात कोंबला. धाकू एकाएकी बेडं नीट लावायला लागला. चिमाचं तोंड लालभडक झालं होतं, पण एकदा सुरुवात केल्यावर ती थांबली नाही. सगळ्यांदेखत नवऱ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पाणी तापलंय. उठा, आंघोळ करून घ्या."

महिपत उठला. म्हातारी काठीवर भार देऊन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून चिमाने मान खाली घातली.

"बरं केलंस," गोदाबाई म्हणाली. "तुझा सासरा असाच जायचा दर साली. मला नाय बोलता आलं कधी."

आणि ती पाय धुवायला मागीलदारी गेली.