रिकाम्या काट्यावरचा आकडा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी रसायनशास्त्र शिकले, औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलतच नाही. तरीही हे लिहितेय, कारण हे माझ्यासोबत घडलं आणि यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

गेल्या मार्चमधला बुधवार. भरदुपार. जागा, आमच्या प्रयोगशाळेचं तळघर.

तिथे बॅलन्स रूम आहे. बिनखिडकीची खोली, दगडी ओटा, त्यावर काचेच्या पेटीत वजनकाटा. इतका नाजूक, की जवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो. म्हणून आमची एक पद्धत आहे. आत जाणाऱ्याने नावाचा बिल्ला बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा. नंतर येणाऱ्याने दार वाजवायचं नाही, उघडायचंही नाही. बिल्ल्यावरचं नाव घेऊन हळूच हाक मारायची.

आतून "ओ, थांबा" आलं, की थांबायचं.

माझी थोरली बहीण तिथेच कामाला. मलाही तिनेच चिकटवलं. ताईला बेरजेचं वेड. गाडीचा नंबर दिसला, कर बेरीज. कुणाचं नाव कळलं, इंग्रजी अक्षरांना आकडे दे, कर बेरीज.

त्या हिवाळ्यात काटा विचित्र वागायला लागला. पॅन रिकामा, काच बंद, शून्याचं बटण दाबलेलं. आणि थोड्या वेळाने पडद्यावर...

एक्केचाळीस मिलिग्रॅम.

"शिपाईमामांच्या नावाची बेरीज एक्केचाळीस येते," ताई म्हणाली.

"एवढ्या माणसांत कुणाची तरी येणारच, ताई. शोधलं की सापडतं."

"बोलल्या आमच्या शास्त्रज्ञबाई."

त्याच आठवड्यात मामा चहा पिताना सांगत होते, "खाली झाडत होतो, बिल्ला खिळ्याला होता. कुणीतरी माझं नाव घेतलं. मी ओ दिली, दार उघडलं, तर बाहेर कुणीच नाही. आता कान वाजायला लागले. म्हातारा झालो म्हणायचं."

आम्ही हसलो.

दोन दिवसांनी मामा जिन्यात दम खायला बसले, ते उठलेच नाहीत.

मग काटा छत्तीस दाखवायला लागला. ताईने स्टोअरवाल्या काकांचं नाव सांगितलं. काकांनाही हाक आली. काकाही गेले.

मी स्वतःला समजावलं, दोन उदाहरणांवरून नियम बनत नाही. पण खाली गेले, की आधी पडद्यावरचा आकडा बघायचे.

नंतर आकडा झाला त्रेपन्न.

"हा कुणाचा?" रात्री घरी अंथरुणात मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बेरीज विचारत होते.

"कुणाचाच नाही. सगळ्यांची करून पाहिली."

"माझी?"

"तुझी सत्तेचाळीस. गप झोप."

मी गप झोपले. ताई सांगतेय म्हणजे तसंच असणार.

त्या दिवसापासून ताईची पाठ दुखायला लागली. तिच्या वाट्याची वजनंही खाली जाऊन मीच करायचे.

त्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती माझ्याकडे आली.

"मला तासभर बाहेर जायचंय. साहेबांना कळायला नको. माझा बिल्ला अडकव आणि आत बस."

"आणि कुणी हाक मारली तर?"

"ओ दे. आपला आवाज सारखाच आहे. आई तरी कुठे ओळखते फोनवर?"

तिने बिल्ला स्वतःच्या हाताने माझ्या कोटावरून काढला आणि तिचा माझ्या हातात ठेवला. तिची बोटं गार होती.

मी आत बसले. वर जेवणाच्या डब्यांचे, खुर्च्यांचे आवाज येत होते. मग एकेक करून ते थांबले. वरच्या पंख्याची घरघरही ऐकू येईना.

पडद्यावर त्रेपन्न होतं. स्थिर. जराही हलत नव्हतं.

आणि दाराबाहेर...

कुणीतरी ताईचं नाव घेतलं.

हळू. पद्धतीप्रमाणे. जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं.

मला मामा आठवायला हवे होते. पण सवयीने तोंडातून निघून गेलं,

"ओ, थांबा."

पडद्यावर शून्य आलं.

मी दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. खिळा होता. बिल्लाही होता.

ताई परत आली. काम झालं का, हे तिने विचारलं नाही.

"हाक आली?"

"आली."

"ओ दिलीस?"

"दिली."

ती खुर्चीत बसली आणि डबा उघडून जेवायला लागली. कित्येक दिवसांनी मी तिला पोटभर जेवताना पाहत होते.

संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतः बेरीज केली. आधी माझ्या नावाची. सत्तेचाळीस. यात ती खोटं बोलली नव्हती.

मग तिच्या नावाची.

त्रेपन्न.

तीनदा केली.

मी तिला काही विचारलं नाही. काय विचारणार? लहानपणी अंधारात तिचाच हात धरून मी चालायचे.

मी जिवंत आहे. का, ते मला माहीत नाही. काटा आता सगळ्यांना शून्य दाखवतो. फक्त मी एकटी जवळ बसले, की त्रेपन्न. वायर बदलली, काटा बदलला, जागाही बदलून पाहिली. तेच.

आणि अलीकडे दुसरंच सुरू झालंय. कुणी माझ्या नावाने हाक मारली, तर ती मला लगेच कळत नाही. दोन-तीनदा मारावी लागते.

परवा रविवारी ताई आणि मी टेबलाशी भाजी निवडत होतो. आईने आतून ताईला हाक मारली. नाव घेऊन.

"ओ," मी म्हणाले.

म्हणाले आणि मग मला कळलं.

मी ताईकडे पाहिलं. ती दचकली नाही, हसलीही नाही. खाली मान घालून एकेक पान खुडत राहिली.

"जा," ती म्हणाली. "आई तुला बोलावतेय."