सरोजचं विरजण

‘अनुराधा’ यानाच्या जीवप्रयोगशाळेत डॉ. उल्का मोघेंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. पेशी पुन्हा मेली होती.

“अजून किती वेळा?” यानाचे डॉक्टर गुंजाळ म्हणाले. “केंद्रकात आराखडा आहे, कच्चा माल आहे, तरी तंतुकणिका नव्याने बांधली जात नाही. असलेली फुटते, तेव्हाच दुसरी होते. दूध कितीही घ्या, विरजणाशिवाय दही लागत नाही. तुम्हीच शिकवलंत मला.”

“आणि विरजण फक्त त्या सरोजचं!”

ते खरं होतं. किरणोत्सर्गाच्या वादळात यानावरच्या साऱ्यांच्या तंतुकणिका, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारी अंगकं, कायमच्या बिघडल्या. मोठ्यांचं निभत होतं. गर्भ मात्र टिकत नव्हते, आणि यानावर तोवर एकही मूल जन्मलं नव्हतं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सरोज तांडेल तेवढी शिशाच्या भिंतींच्या बीजकोठारात होती म्हणून वाचली.

मग उल्काने तोड काढली. बीजांडात केंद्रक आईचं, तंतुकणिका सरोजच्या. पाळणे हलू लागले. पण डोहाळजेवणात बायका पहिली ओटी भरत ती सरोजची! उल्काच्या अंगाचा तिळपापड होई. अक्कल उल्काची, आणि मान मिळाला तो कोठारात असण्याचा.

आता ती स्वतः आई होणार होती. लेकीच्या, नातीच्या पेशीपेशीत ही बया नांदणार, या विचाराने तिला घास गिळवेना.

“मला मुलगाच हवा,” ती म्हणाली.

गुंजाळ चमकले. “तुम्हाला? मुलगाच?”

“तंतुकणिका आईकडून पुढे जातात, बापाकडून नाही. माझ्या घरात तिचा वंश एका पिढीत संपेल.”

यानावर गर्भ निवडायची मुभा होती. गुंजाळांनी खांदे उडवले आणि मुलाचा गर्भ रुजवला.

डोहाळजेवणाला उल्काने ओटीचं ताट सरोजकडे जाऊच दिलं नाही.

“मुलगा आहे,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “तुमचं विरजण माझ्याकडे पुढे लागायचं नाही.”

सरोजने हसू आवरलं. मांडीवर मुली घेऊन बसलेल्या मैत्रिणींवरून तिची नजर सावकाश फिरली. पृथ्वी आता पुन्हा गाठता येणार नाही इतकी मागे पडली होती.

“नाही लागायचं, उल्काताई,” ती म्हणाली. “पण सून कुठून आणाल?”