दाबून धरलेलं बटण

मी फारसा बोलत नाही. शाळेत नुसतं नाव विचारलं तरी मी वहीवरचं नाव दाखवायचो. म्हणून शाळा लवकर सोडली आणि मामाच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आलो. लॅपटॉपच्या आतले सर्किट बोर्ड काही विचारत नाहीत, त्यामुळे जमलं. पण हे तुम्हाला सांगतो. दिवा जरा इकडे सरकवा. मधेच गेला तर घाबरू नका, मी लावीन.

आभाळ भरलेल्या एका दुपारी एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या. चालू होतो आणि लगेच बंद पडतो, एवढीच तक्रार.

"सगळ्या दुकानांनी हात टेकलेत," त्या म्हणाल्या. "आत माझी चित्रं आहेत. मुलांच्या पुस्तकांची, इतक्या वर्षांची. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"का नाही ठेवली?" मामाने विचारलं.

"तेवढा वेळ चालू राहूच द्यायचे नाहीत आमचे हे. मी बसले की मागून यायचे. बोलायचे काही नाहीत. बटणावर अंगठा ठेवायचे, स्क्रीन काळी होईपर्यंत. मग अंगठा दुखतो म्हणून बाम चोळत बसायचे."

"आणि आता?"

"थंडीतच गेले."

मी मान खाली घालून स्क्रू काढत होतो. चित्रांची साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली. काढून दुसरीकडे लावायची सोय नाही. बोर्ड उठला, म्हणजे चालू झाला, तरच चित्रं.

वीज जोडली. पंखा फिरला, चार श्वास गेले, सगळं विझलं. शॉर्ट कुठेच नाही. मग बटणाच्या तारेवर मीटर लावला. तिथे एरवी तीन व्होल्ट असतात. बटण दाबलं की शून्य. दाबूनच धरलं, तर लॅपटॉप समजतो की मालकाला बंद करायचंय.

मीटर शून्य दाखवत होता. बटण अडकलं असेल, म्हणून मी ते पट्टीसकट काढून टेबलावर ठेवलं. चिमट्याने बटणाच्या जागेची दोन टोकं जुळवून बोर्ड उठवला आणि चिमटा दूर केला. तीन व्होल्ट. मग सावकाश, कुणी मागून चालत यावं तसा आकडा उतरत गेला... शून्य. पंखा थांबला.

आणि बामाचा वास आला.

"मामा, तू बाम लावलास?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत मामा जवळ आला. मी पुन्हा बोर्ड उठवला. आकडा उतरताना त्याने पाहिला आणि त्याचा आवाज बसला. "परत देऊन टाक... होत नाही म्हणून सांग."

"आलेत ना?" ताई पुटपुटल्या. त्या पिशवी उचलत होत्या. "राहू द्या... त्यांना नाही आवडणार."

त्या 'राहू द्या'ने माझं डोकं फिरलं. मलाही सगळे असंच दाबून खाली बसवत आले होते.

बटणाची टोकं आणि त्याचं ऐकणारी चिप यांच्या मधे मोहरीहून लहान एक तुकडा असतो. तो उपटला की बटणाचं चिपला काही कळत नाही. पण आधी उपटला तर बोर्ड उठणारच नाही. चालू असतानाच काढायला हवा, आणि चालू बोर्डाला धातूचं पातं लावायचं नाही हा मामाचा पहिला धडा. पातं घसरलं तर चित्रांची राख.

"ताई, पातं घसरलं तर चित्रं जातील. लावू?"

त्या टेबलावरच्या बटणाकडे बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली. "लावा."

बोर्ड उठवला. पातं टेकवलं, तोच मनगटावर काहीतरी टेकलं... गार, जड. अंगठ्याएवढं.

"दाब," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. "दाब, किती दाबायचंय ते!"

पातं फिरवलं. तुकडा उडाला. पंखा फिरतच राहिला.

पडद्यावर आलं पहिलं चित्र: छत्री धरून निघालेलं कासव. ताई तोंडावर हात धरून हसत होत्या, रडत होत्या. सगळी चित्रं दुसरीकडे उतरवून मगच त्या उठल्या.

ते बटण ह्या काचेच्या बरणीत आहे. कशालाही जोडलेलं नाही, तरी कायम आत दबलेलं असायचं. मामा त्याला जावई म्हणतो. काम काही नाही, पण ठाण मांडून बसलाय.

आज सकाळी बघितलं, तर ते वर आलेलं, म्हणजे अंगठा तिथून उठलेला.

गेला बघा दिवा. थांबा... हा लावला. त्याचा खटका आपोआप दाबला जाताना दिसला ना तुम्हाला? जाऊ दे. तो विझवील तितक्यांदा मी लावीन.

बघू, कोणाचा अंगठा आधी दुखतो.