एक जास्त

भद्रावतीच्या उन्हाळ्यात लोक कूलरच्या पाण्यासाठी भांडतात, आणि हर्षा खोब्रागडेने घरात समुद्र मांडला होता. चार फुटांची काचेची टाकी, तोलून-मापून कालवलेलं खारं पाणी, निळा दिवा, पाणी गार ठेवायचं यंत्र. शेजारणी म्हणायच्या, हिच्या डोक्याला ऊन लागलं. हर्षा वरोऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची, एसटीने जायची-यायची आणि घरी आली की चप्पल काढायच्या आधी टाकीत डोकावायची.

मुंबईच्या एका हौशी माणसाने आपल्या टाक्यांत वाढवलेले दगड तिने मागवले होते. ओल्या कागदात गुंडाळलेले, थर्माकोलच्या खोक्यातून आलेले. दगड कसले, चाळच ती. प्रत्येक भोकात कोणीतरी बिऱ्हाड थाटलेलं. अळ्या, गोगलगायी, खेकडे, न बोलावता आलेले पाहुणे. त्यांना एकेक करून ओळखायचं, गरिबाला राहू द्यायचं आणि गुंडाला हाकलायचं, यात तिला जी मजा यायची ती लग्नाच्या पंगतीतही येत नसे.

पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. लहानू खोब्रागडे कोळशाच्या भुयारी खाणीत सरदार होते. कामगार आत जायच्या आधी सळईने छत ठोकून बघायचं हे त्यांचं काम. भरीव वाजलं तर माणसं आत, पोकळ वाजलं तर सगळे बाहेर. ते निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली, आणि हा गडगडाटी हसणारा माणूस भिंतीकडे बघत बसू लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, गोळ्या चुकवू नका आणि त्यांचं मन कशात तरी गुंतवा. हर्षाने ते मनावर घेतलं. बाबा तिला हवे होते, अजून पुष्कळ दिवस हवे होते.

आणि एका अळीने बाबांना जागं केलं.

भर दुपार होती. हर्षाने खिडक्या लावून टाकीवर चादर टाकली, टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला, कारण लाल उजेडाला हे पाहुणे बिचकत नाहीत. बाबांना तिने ओढतच खुर्चीसकट टाकीपुढे आणलं. दगडाच्या भोकातून गुलाबी, केसाळ, वीतभर लांब असं काहीतरी सरपटत बाहेर आलं.

"हे काय हाय वं, गोम?" बाबा पुढे झुकले.

"गोम नाई बाबा, समुद्रातली अळी. ते केस टोचले का हात जळजळते."

"मंग घरात काऊन आनली?"

"म्या कुठी आनली? दगडात बसून आली."

"बिनातिकिटाची!" बाबा म्हणाले, आणि हसले. किती महिन्यांनी! हर्षाला वाटलं, उठून त्या अळीची पापी घ्यावी.

मग रोजचाच उद्योग झाला. पांढरे लांब धागे पसरणारी अळी दिसली, तिला बाबांनी शेवया नाव दिलं. शेंगदाण्यासारखी फुगणारी निघाली, ती शेंगदाणा. हर्षा पुस्तकं उघडून शास्त्रीय नाव शोधायची, बाबा चष्मा पुसत म्हणायचे, "हे नाई, पाह्य, याच्या तोंडाले मिशा हायेत." आणि बरोबर निघायचं. दुपारी एक भाकर खाणारा माणूस दुसरी मागू लागला.

आवाज आला तो अशाच एका दुपारी. टक. काचेवर कोणी खडा मारावा तसा.

हर्षा ताडकन उठली. "बाबा! पिस्तूल झिंगा!"

"झिंगा? चटनीतला?"

"त्याचाच भाऊबंद. एक नांगी मोठी राह्यते, थे मिटली का असा बार निघते. दुसरा एक राह्यते, थो बी ठोकते, पन थो मासे मारते. आता कोनता हाय थे पाहा लागन."

ती पाण्याचा पंप बंद करून काचेला कान लावून बसली. आणि बाबांनी काय करावं? हात पुढे केला आणि बोटाच्या पेराने काचेवर एकदा ठोकलं. आयुष्यभराची सवय, समोर काही आलं की ठोकून बघायची.

"बाबा, काच नका ठोकू, मासे भेतात—"

टक. टक. टक.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाबांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तीन.

"हजेरी देऊन राह्यला!" बाबा मांडीवर थाप मारून ओरडले. मग त्यांनी सांगितलं. खाणीत कधी दिवे गेले, की सरदार खांबावर एकदा ठोकायचा. अंधारातला प्रत्येक जण आपापल्या जागेवरून एकेक ठोका द्यायचा, एकापाठोपाठ एक. सरदार मोजायचा. सगळे आहेत की नाही ते तोंड न उघडता कळायचं. त्यांच्या शिफ्टची ही रीत होती.

"पन आपुन त दोघंच हाओ," हर्षा म्हणाली.

"थो सोताले मोजत असन."

हर्षाला हे इतकं आवडलं की ती त्या दिवशी जेवायचंच विसरली. मोजणारा झिंगा! दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ विक्की मोबाइलच्या दुकानातून जेवायला आला, त्याला तिने हाताला धरून टाकीपुढे उभा केला. ठोकलं. चार. त्याला अंगणात पाठवलं. तीन. बाबा आंघोळीला गेले, खोलीत ती एकटी. ठोकलं. दोन. जितकी माणसं, त्यात एक जास्त. तो एक म्हणजे झिंगा. हिशेब चोख होता.

"पाण्यातून आपल्या पायांचा हादरा त्याले समजत असन," ती विक्कीला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "हे कोनी लिहिलं नाई अजून. मी लिहीन. बाबाचं नाव बी टाकीन."

"आन माहं?" विक्की म्हणाला.

"तू अंगनात उभा होता म्हनून लिहीन."

लिहायचं तर प्राणी हातात हवा. बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत सुक्या झिंग्यांचं आमिष. बाबा म्हणाले, भावाले भाऊच चारून राह्यली, आणि दोघं खूप हसले. सकाळी बाटलीत तो होता. बोटभर, हिरवट, एक नांगी बाहुलीच्या बुटाएवढी मोठी. पिस्तूल झिंगाच. हर्षाने त्याला खाऱ्या पाण्याच्या बरणीत घालून एसटीने वरोऱ्याला नेलं आणि प्रयोगशाळेतल्या छोट्या टाकीत सोडलं. मुलांना दाखवला, काचेवर ठोकून बघितलं. झिंग्याने एकही ठोका दिला नाही. नवी जागा आहे, बुजला असेल, असं ती म्हणाली.

संध्याकाळी बाबा तिची वाटच बघत होते.

"हर्षा, इकडं ये." त्यांनी काचेवर ठोकलं.

टक. टक. टक.

"दुसरा झिंगा असन," ती म्हणाली.

"असन," बाबा म्हणाले.

तिने तीन वेळा सापळा लावला. मिळाल्या फक्त गोगलगायी. रविवारी तिने एकेक दगड बाहेर काढून बादलीत झटकला, भोकाभोकात टॉर्च मारली. केसाळ अळ्या निघाल्या, शेवया निघाली, शेंगदाणा निघाला. नांगीवालं कोणी नव्हतं. दगड परत रचायच्या आधी तिच्या हाताचं ओलं बोट काचेला लागलं, मुद्दाम नव्हे, आणि आतून उत्तर आलं. त्या वेळी टाकीत पाणी होतं, वाळू होती आणि दोन मासे होते.

मासे ठोकत नाहीत. तिला बसल्याजागी थंडी वाजली, बाहेर सत्तेचाळीसचं ऊन असताना.

"बाबा, तुमच्या खानीत कधी हजेरी चुके का?"

बाबा टॉवेलने मान पुसत होते.

"एक कमी आला त जीव थाऱ्यावर नाई राह्याचा," ते म्हणाले. "शोधा लागे."

"आन जास्त आला त?"

"येत जाय कधी कधी. एक जास्त."

"मंग?"

"मंग काई नाई. कोनी बोलेच ना. आपलं काम कराचं." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "भूत-बित नोको समजू. आपल्या घरात थे चालत नाई. कोनी असन आपल्यासंगं, काई मांगत त नाई ना?"

बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला हा माणूस, देवाला न मानणारा, भुताला न भिणारा. तो इतक्या सहज बोलला की हर्षाला हसू आलं. टाकी मोडायचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता, तो तिने तिथेच पुसून टाकला. बाबा आता सकाळी स्वतःहून उठायचे, दाढी करायचे, खुर्ची ओढून टाकीपुढे बसायचे आणि "हजेरी घेतो" म्हणून काच ठोकायचे. विक्कीला फोन करून अळ्यांच्या गोष्टी सांगायचे. असा बाप तिला परत मिळाला होता. एक जास्त तर एक जास्त.

कॉलेजला सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी तिला किनाऱ्यावरच्या एका संशोधकाचा फोन आला. तिने पाठवलेले शेवयाचे फोटो आणि मिशांची मोजणी त्यांनी पाहिली होती. ही जात आपल्याकडे नोंदलेली दिसत नाही, म्हणाले, नमुना पाठवा. आणि मिशांच्या जोड्या इतक्या अचूक कोणी मोजल्या? हर्षा वरोऱ्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या ओरडली, "माह्या बाबानं!" एसटीत तिला बसवत नव्हतं. बाबांचा चेहरा कसा होईल, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

घरी पोचली तेव्हा कूलर घरघरत होता, खिडक्या लावलेल्या, खोलीत निळा उजेड. बाबा टाकीपुढे खुर्चीत, तिच्याकडे पाठ.

"बाबा! शेवया नवीन हाय! तुमच्या मोजन्याचं नाव काढलं साहेबानं!"

ती पर्स टाकून पुढे धावली, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवला आणि आनंदाच्या भरात दुसऱ्या हाताने त्यांच्या खांद्यावरून वाकून काच ठोकली.

टक. टक.

ती थांबली. दोन. बरोब्बर दोन! इतक्या दिवसांत पहिल्यांदा हिशेब बसला होता.

"आयकलं का, बाबा? आता बराबर मोजलं! जास्तीचा गेला!"

ती हसत होती. बाबा काही बोलले नाहीत.

कूलर घरघरत होता. केसाळ अळी दगडाच्या तोंडाशी येऊन थबकली होती.

मग तिला आठवलं. दोन ठोके कधी यायचे ते.

खोलीत ती एकटी असली की.

खुर्चीच्या पाठीवरचा हात तिने हलवला नाही. पुढे जाऊन त्यांचा चेहरा बघितला नाही. तिने दुसरा हात पुन्हा काचेपाशी नेला आणि हळूच, अगदी बाबा ठोकायचे तसं, पेराने एकदा ठोकलं.

टक.

टक.

आणि श्वास धरून ती तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली.