दारावरचे तीन ठोके

"आवाज वाढव!" बाहेरच्या खोलीतून वडिलांनी, आ-पांनी, हुकूम सोडला, आणि गिम-चूच्या हातातली पळी खणकन कढईवर आपटली... रेडिओवर पुन्हा तेच गाणं!

महिनाभर अख्खं कीलुंग बंदर त्या गाण्याने वेडं झालं होतं. काय आनंदाचं गाणं, घरी परतायचं गाणं, असं जो तो म्हणे. पण गिम-चूच्या काळजाचं मात्र पाणी पाणी होई. गाण्यातला माणूस घरात पोहोचतच नाही! बोटीतून उतरतो, चढण चढतो, ओल्या पायरीवर उभा राहून आतला उजेड बघतो... गिटारी एकदम थांबतात, ढोलावर तीन ठोके पडतात आणि संपलं. दार उघडलं की नाही, ते ऐकणाऱ्याने आपापल्या घराला विचारावं.

गाणारा तिचा धाकटा भाऊ होता, बुन-हाय. टोपणनावाने गात होता. अकरा वर्षांपूर्वी तापाचं कारण पुढे करून तो गाण्याच्या तालमीला गेला, आ-पा एकटेच बोट घेऊन गेले आणि जाळं ओढायच्या यंत्राने त्यांची तीन बोटं खाल्ली. आ-पांनी पोराला घराबाहेर काढलं. "त्याचं नाव काढलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" अशी शपथ त्यांनी घातली. मग गिम-चूने दोन स्थळं परत पाठवली, आई नसलेलं घर सांभाळलं, जिवाचं रान केलं. आणि आज, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, तिनेच चोरून भावाला बोलावलं होतं. सात वाजता! आ-पांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. धक्का सोसला नाही तर...?

ती अख्खा मासा घेऊन बाहेर आली आणि जागीच थिजली. तिसऱ्या खुर्चीवर पिवळं जाकीट पसरलं होतं. बुन-हायचं! वर्षअखेरच्या या जेवणाला घरातला जो येऊ शकत नाही, त्याचा कपडा खुर्चीवर टाकतात, म्हणजे तोही पंगतीला आला असं धरतात. अकरा वर्षं ती खुर्ची रिकामीच होती.

"आ-पा... हे?"

"जाकीट. दिसत नाही का?"

"पण तुम्हाला कुणी सांगितलं, ते गाणं..."

"सांगायला कशाला हवं? दोन सावकाश, एक घाईचा. त्या गाढवाशिवाय असं दार कोण वाजवतं गं?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "महिनाभर रोज दार वाजवतोय पोरगा, आणि मला उठता येत नाही!"

गिम-चूने मासा टेबलावर ठेवला. "आ-पा, त्या दिवशी त्याला ताप नव्हता... मीच त्याला गाण्याला पाठवलं. खोटं मी बोलले, शिव्या त्याने खाल्ल्या!"

"माहीत आहे. ताप आलेल्या पोराची गिटार घरात नव्हती." त्यांनी जाकिटाची बाही सरळ केली. "तुम्हा दोघांपेक्षा माझा हट्ट मोठा निघाला, पोरी."

तेवढ्यात दार वाजलं. ठक्... ठक्, ठक!

आ-पांकडे बघायचीही गिम-चूला भीती वाटत होती... खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आ-पा उठले होते! दोन बोटांच्या हाताने त्यांनी ते पिवळं जाकीट खुर्चीवरून उचललं, नीट घडी घालून छातीशी धरलं.

"बघतेस काय? उघड दार," ते म्हणाले. "खुर्ची मोकळी केलीय त्याला बसायला."