पितृपक्षातली मागणी

"डॉक्टर आहेत का?" रुचिराने विचारलं, आणि तेही खुद्द डॉक्टरांनाच.

चूक म्हणावी तर चूक, पण तिची बाजूही ऐकायला हवी. गेले तीन महिने चारकोपच्या दातांच्या लॅबमधून ती डॉक्टर देवदत्तांशी फोनवर भांडत होती. कॅप बनवायची हिने, आणि 'अहो, हा दात आहे की बाथरूमची टाइल?' म्हणून परत पाठवायची त्यांनी. त्या खणखणीत मराठी आवाजाला तिने मनातल्या मनात चष्मा, मिशी आणि पार्ल्यातलं एखादं आडनाव बहाल करून टाकलं होतं. आज तीच कॅप तिसऱ्यांदा परत आली, तशी ती रागारागाने बोरिवलीच्या दवाखान्यात पेशंटचा दात बघायला आली. तर समोर मिशी नाही, चष्मा नाही, आणि चेहरा... चेहरा तर थेट चिनी माणसाचा!

"आहेत ना. मीच. देवदत्त लिन," तो म्हणाला. "बाहेर पाटी आहे, पण वाचतं कोण?"

"तुम्ही... म्हणजे... कुठले?"

"बोरिवलीचा."

"तसं नाही. मूळचे?"

"मूळचे भायखळ्याचे. पणजोबा चीनहून आले, ते पण दातच बघायचे. अजून मागे जायचंय, की आधी पेशंटकडे बघू या? बिचारा तोंड उघडून बसलाय."

रुचिराचे कान तापले. तिने मुकाट्याने पेशंटला खिडकीपाशी नेलं, दातांच्या रंगछटांचं शेडकार्ड त्याच्या दातांशी धरलं आणि म्हणाली, "रंग उजेडात बघायचा असतो डॉक्टर, दिव्याखाली नाही. कॅप बरोबर होती. तुमचा दिवा चुकतोय."

देवदत्तने वाकून बघितलं. खरंच होतं. तो हसला, आणि इतकं मनापासून हसला की रुचिराला पुढचं भांडण आठवेचना.

त्यानंतर कॅप जुळायला लागल्या, तरी तिच्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत. महिन्याभरात 'अहो डॉक्टर'चं 'अरे देवदत्त' झालं.

"डिलिव्हरीला लॅबचा माणूस आहे ना तुमच्या?" एका शुक्रवारी त्याने विचारलं.

"आहे की."

"मग तू?"

"मी... इकडे मासे ताजे मिळतात ना, म्हणून."

"अच्छा. पिशवी कुठाय?"

पिशवी नव्हतीच. रुचिरा खिडकीबाहेर बघत राहिली आणि तो तिच्याकडे. मग दोघांनी चहा घेतला, आणि पुढचे सगळे शुक्रवार मासे न घेताच पार पडले.

पावसाळा सरता सरता एकदा ती उत्साहाने म्हणाली, "घरी सांगितलं मी तुझ्याबद्दल! म्हटलं, डॉक्टर आहे, झकास मराठी बोलतो, मासे खातो... अगदी आपल्यासारखाच आहे."

त्याने कप खाली ठेवला. "आडनाव सांगितलंस?"

"...अजून नाही."

"रिक्षावाला मला परका समजतो, बँकेत समजतात. त्याची सवय आहे मला," तो शांतपणे म्हणाला. "पण तू मला आपल्यासारखा ठरवून पास करतेस ना रुचिरा, ते लागतं. आणि नसतो आपल्यासारखा, तर?"

ती चिडली आणि पर्स उचलून उभी राहिली.

"मी येईन तुझ्या घरी," तो म्हणाला. "पण आडनावासकट. जमणार नसेल तर आत्ताच सांग. शुक्रवार थांबवू."

रुचिराने दोन रात्री विचार केला आणि एक सुरक्षित दिवस शोधून काढला. तिच्या घरचा म्हाळ! पितरांचं जेवण, चार पाहुणे येणारच, त्यात हा एक. त्यातून पितृपक्ष. या पंधरवड्यात मालवणी घरात लग्नाचा विषय कोणी चुकूनसुद्धा काढत नाही. नुसता येईल, जेवेल, दिसेल आणि जाईल; आडनावाचं नंतर बघता येईल. त्याला तिने एवढंच सांगितलं, "आमच्या गेलेल्या माणसांचं जेवण असतं." तो मात्र हे ऐकून फारच खूश झाला. का, ते तिने विचारलं नाही.

दुपारी तो आला. तिच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, त्याला दारात एकदा नीट न्याहाळलं आणि "येवा" म्हटलं. कमलआत्या वडे तळता तळता स्वयंपाकघरातून डोकावून गेली. भिंतीवरच्या फोटोंना नैवेद्य झाला, गच्चीत कावळ्याची वाडी, म्हणजे पितरांच्या नावाचं पान, ठेवून झाली आणि पाहुण्यांसकट सगळे पानावर बसले, तोच देवदत्तने फोटोंना हात जोडले.

"भाऊ, आज तुमची सगळी मोठी माणसं इथे आलीत, म्हणून आजच विचारतो. मला रुचिराशी लग्न करायचंय."



"अगो बाय माझे! पितृपक्षात मागणी?" आत्या झारा घेऊनच बाहेर आली. "शेवटी परक्या रक्ताचो तो परकोच!"

"आत्या, माहीत नव्हतं गं त्याला," रुचिरा घाईघाईने म्हणाली. "एरवी तो अगदी आपल्या—"

"खरंच माहीत नव्हतं. माफ करा," देवदत्त म्हणाला. "आमच्याकडे लग्नाचं सगळ्यात आधी गेलेल्या माणसांना सांगतात. त्यांच्यासमोर बोललेलं मागे घेता येत नाही. मला वाटलं, याहून चांगला दिवस नाही."

तो रागावला नव्हता. नुसता खाली, पानाकडे बघत होता. अर्धं राहिलेलं वाक्य आपण पूर्ण केलं, तर हा व्यवस्थित जेवेल, सगळ्यांचे आभार मानेल आणि पुन्हा कधी दिसणार नाही, हे रुचिराला लख्ख कळलं.

"भाऊ," ती म्हणाली, "मी खोटं सांगितलं तुम्हाला. तो आपल्यासारखा नाहीये. त्याचं आडनाव लिन आहे, त्याची माणसं चीनहून आली, त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. आणि हे असं विचारणार म्हणून त्याने मला आधी सांगितलं असतं ना, तर मी त्याला गप्प बसवलं असतं. बरं झालं नाही सांगितलं. मला तो आहे तसाच हवाय. नाहीतर कोणी नको."

भाऊ पाटावरून उठले.

"पंधरवडो सरांदे," ते म्हणाले. "तवसर मी कायएक आयकूक नाय. घटस्थापनेक बापाशीक घेवन येवा, मगे बोलाया."

मग त्यांनी केळीचं आणखी एक पान घेतलं. त्यावर दोन वडे ठेवले, खीर वाढली, काळ्या वाटाण्याची उसळ वाढली.

"तुमच्या पणजोबांचा नाव काय?"

"लिन... लिन वेन-शेंग," देवदत्त कसाबसा म्हणाला.

भाऊंनी ते नाव तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं, तसे ते पान घेऊन गच्चीकडे निघाले. आत्या तोंड उघडून बघत राहिली.

देवदत्तचे डोळे भरून आले होते. तो रुचिराकडे झुकून हळूच म्हणाला, "हे... हे 'हो' आहे का?"

"पितृपक्षात आमच्याकडे कोणी हो म्हणत नाही रे," ती म्हणाली, आणि आत्यासमोरच तिने त्याचा हात धरला.